पंधरा ते एकोणचाळीस

सकाळी बदलापूरहून मुंबईकडे निघालेल्या लोकलच्या दिव्यांगांच्या डब्यात बावीस-तेवीस वर्षांचा एखादा मुलगा चढतो. तोंडावर मास्क, डोक्यावर टोपी, हातपाय शाबूत. डब्यातलं कुणीतरी लगेच हटकतं, “काय रे, चांगला धडधाकट दिसतोस! हा डबा कुणाचा आहे माहितीये का?” मुलगा काही न बोलता डॉक्टरांचा दाखला काढून दाखवतो. मुंबईच्या उपनगरी गाड्यांमध्ये या डब्यात गर्भवती महिलांना आणि कॅन्सरच्या रुग्णांनाही मुभा आहे, हे बऱ्याच प्रवाशांच्या गावी नसतं. हटकणारे काका ओशाळतात, सरकून जागा देतात. पण तोवर सगळा डबा त्याच्याकडे बघायला लागलेला असतो, आणि ओरडा खाण्यापेक्षा ते बघणंच त्याला जास्त जड जातं.

असा मुलगा, किंवा अशी मुलगी, चिखलोलीची असू शकते. अंबरनाथ आणि बदलापूर या दोन स्थानकांच्या मधलं हे गाव. गावाच्याच नावाचं छोटं धरण, एका अंगाला एमआयडीसीचे कारखाने, दुसऱ्या अंगाला गेल्या काही वर्षांत उभे राहिलेले टॉवर. चिखलोलीला स्वतःचं रेल्वे स्थानक मंजूर झालं असलं, तरी इथल्या माणसाची सवय रिक्षाने अंबरनाथ किंवा बदलापूर गाठण्याची. मुंबईत, ठाण्यात घर परवडलं नाही म्हणून इथवर आलेली कितीतरी कुटुंबं तरुण आहेत: दोघांची नोकरी, वीस वर्षांचं गृहकर्ज, एखादं लहान मूल, गावाकडे आईवडील. परळचं टाटा रुग्णालय इथून पन्नासेक किलोमीटरवर. टाटाचंच खारघरचं केंद्र, म्हणजे ॲक्ट्रेक, गाठायचं तर ठाण्याला उतरून पनवेलची गाडी पकडायची. पावसाळ्यात हेही हातात राहत नाही. २६ जुलै २००५ला आणि पुन्हा २७ जुलै २०१९ला उल्हास नदीच्या पुराने काय केलं, ते या पट्ट्यात कुणाला सांगावं लागत नाही. २०१९ला तर महालक्ष्मी एक्सप्रेस बदलापूर-वांगणीच्या दरम्यान पाण्यात अडकून पडली होती. केमोचं पुढचं सायकल तीन आठवड्यांनी घ्यायचं असतं, आणि जुलैतली ती तारीख पाऊस बघून पडत नाही.

कॅन्सर म्हटलं की डोळ्यांपुढे एक तर साठीपुढचं माणूस येतं, नाही तर जाहिरातीतलं केस गेलेलं लहान मूल. मधली माणसं दिसत नाहीत. वैद्यकशास्त्राने त्यांच्यासाठी एक वेगळा वयोगट आखला, तोही उशिराच. अमेरिकेच्या राष्ट्रीय कर्करोग संस्थेने तो १५ ते ३९ असा धरला आहे. ब्रिटनमध्ये साधारण २४-२५ वर्षांपर्यंतच्यांचा वेगळा विचार होतो. २०२२च्या जागतिक आकडेवारीनुसार या वयात वर्षाला सुमारे १३ लाख लोकांना कॅन्सर होतो आणि पावणेचार लाखांच्या आसपास दगावतात. एकूण कॅन्सरच्या तुलनेत हा आकडा लहानच. रोगही वेगळे: रक्ताचे कॅन्सर, हॉजकिन लिम्फोमा, हाडांचे सार्कोमा, अंडकोषाच्या गाठी, थायरॉइड, तिशीतल्या बायकांमध्ये स्तनाचा, आणि आपल्याकडे गुटखा-मावा खाणाऱ्या तिशीतल्या पुरुषांमध्ये तोंडाचा.

यांतले बरेच रोग आज बरे होतात. हॉजकिनचे तर दहातले आठ-नऊ रुग्ण वाचतात असं चित्र आहे. म्हणूनच ‘जगेल ना?’ या प्रश्नाच्या पाठोपाठ दुसरा प्रश्न उभा राहतो, आणि त्याची तयारी कुणाचीच नसते. जगेल, पण कसा?

आधी निदानाचं बघू. तरुण माणसाच्या अंगावरची गाठ कुणी मनावर घेत नाही, तो स्वतः तर नाहीच. गुडघा सुजला तर ‘क्रिकेट खेळताना लागलं असेल’ म्हणून मलम आणि शेक. मानेला गाठ, संध्याकाळचा ताप, रात्री घाम, वजन उतरलेलं, ही लक्षणं लिम्फोमाची असतात आणि टीबीचीही. टीबी आपल्याकडे घरोघरी ओळखीचा, त्यामुळे गाठीचा तुकडा न तपासताच टीबीच्या गोळ्या सुरू होतात आणि दोन-तीन महिने सहज निघून जातात. दरवेळी डॉक्टरला दोष देऊन चालत नाही. टीबीचा संशय त्या वयात, त्या वस्तीत रास्तच असतो. मात्र गोळ्या घेऊनही गाठ उतरत नसेल, तर बायोप्सीचा हट्ट रुग्णाने धरायला हवा.

युवराज सिंगचं उदाहरण सगळ्यांना आठवत असेल. २ एप्रिल २०११ला वानखेडेवर भारताने विश्वचषक जिंकला. ३६२ धावा करून आणि १५ बळी घेऊन तो स्पर्धेचा मानकरी ठरला. त्या स्पर्धेत तो खोकत होता, त्याला दम लागत होता. दोन फुफ्फुसांच्या मधल्या जागेत गाठ होती. जर्म सेल प्रकारचा कॅन्सर, वय तीस. ज्याच्या दिमतीला अख्ख्या संघाचे डॉक्टर, त्यालाही नेमकं निदान व्हायला महिने लागले.

युवराजवर अमेरिकेतल्या इंडियानापोलिसमध्ये उपचार झाले, डॉ. लॉरेन्स आइनहॉर्न यांच्याकडे. या डॉक्टरांची गोष्ट तरुणांच्या कॅन्सरच्या इतिहासातली मोठीच गोष्ट आहे. १९७४मध्ये जॉन क्लेलँड नावाचा तेविशीचा विद्यार्थी अंडकोषाचा, शरीरभर पसरलेला कॅन्सर घेऊन त्यांच्यासमोर होता. सगळी औषधं वापरून झाली होती. आइनहॉर्न यांनी सिस्प्लाटिन हे प्लॅटिनमपासून बनलेलं, तेव्हा प्रयोगातच असलेलं औषध इतर दोन औषधांबरोबर दिलं. गाठी विरघळल्या. क्लेलँड पुढे संसारी झाला, शिक्षक झाला आणि सत्तरी पार करून २०२२मध्ये वारला. ज्या रोगात तरुण मुलं वर्षभरात जायची, तो पसरलेल्या अवस्थेतही बहुतेकांमध्ये बरा होणारा रोग झाला. ११ सप्टेंबर २०१२ला चेन्नईत न्यूझीलंडविरुद्ध युवराज पुन्हा बॅट घेऊन उतरला, त्यामागे ही जवळपास चाळीस वर्षं होती.

पण युवराजचं पुनरागमन हे तरुण रुग्णांवर एक ओझंही झालं आहे. भेटायला येणारा प्रत्येक जण त्याचंच नाव घेतो. “बघ, तो कसा लढला!” ज्याला सकाळी उलटीमुळे दात घासवत नाहीत, त्याला हे ऐकून उमेद येतेच असं नाही. आपण पुरेसे शूर नाही, अशी उलट एक नवी खंत त्याला लागते.

आता थोडं रुग्णालयाच्या आत जाऊ. टाटा मेमोरियल २८ फेब्रुवारी १९४१ला परळमध्ये सुरू झालं. मेहेरबाई टाटा १९३१मध्ये ल्युकेमियाने गेल्या, पुढच्याच वर्षी त्यांचे पती सर दोराबजीही गेले, आणि दोराबजींच्या नावाच्या ट्रस्टने हे रुग्णालय उभारलं. १९६२पासून ते अणुऊर्जा विभागाकडे आहे. तिथे पंधरा वर्षांपर्यंतची मुलं बालविभागाकडे जातात; वय पुढे सरकलं की मोठ्यांच्या ओपीडीत. बालविभागात भिंतीवर चित्रं, खेळणी, शिकवणाऱ्या ताई, आईवडिलांच्या राहण्याखाण्याची सोय करणाऱ्या संस्था. मोठ्यांच्या ओपीडीत बाकावर शेजारी साठीचे आजोबा, त्यांच्या घशाला नळी. एकोणीस वर्षांच्या मुलाला या दोन्ही खोल्या परक्याच.

ही केवळ वातावरणाची बाब असती तर सोसून नेता आली असती. पण २००८मध्ये वेंडी स्टॉक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिकेतली जुनी आकडेवारी चाळून एक चमत्कारिक गोष्ट दाखवून दिली. १६ ते २० वर्षांची ३२१ मुलंमुली, सगळ्यांना एकच रोग, तीव्र लिम्फोब्लास्टिक ल्युकेमिया. काही जण बालरोग कर्करोगतज्ज्ञांच्या चाचणीत दाखल झाले, काही मोठ्यांच्या. सात वर्षांनंतर पहिल्या गटातले ६७ टक्के जिवंत होते, दुसऱ्यातले ४६ टक्के. वय तेच, रोग तोच. कुठल्या डॉक्टरकडे चिठ्ठी लिहिली गेली, एवढाच फरक. मुलांच्या पद्धतीत व्हिन्क्रिस्टिन, स्टेरॉइड, ॲस्परॅजिनेज ही औषधं जास्त प्रमाणात दिली जात आणि मेंदूकडे रोग जाऊ नये याची तजवीज लवकर होई. शिवाय बालविभागाचे डॉक्टर तारखांच्या बाबतीत खमके असतात. रक्ताचा काउंट जरा कमी आला म्हणून सायकल सहज पुढे ढकलत नाहीत. त्यानंतर जगभर तरुणांसाठीही मुलांच्या पद्धतीचे उपचार वापरायला सुरुवात झाली.

आपल्याकडेही वयाच्या या रेषेला आता नवं महत्त्व आलं आहे. आयआयटी मुंबई आणि टाटा यांनी मिळून विकसित केलेली कार-टी उपचारपद्धती, नेक्सकार१९, ऑक्टोबर २०२३मध्ये मान्य झाली ती १५ वर्षांपुढच्या रुग्णांसाठी, ठरावीक लिम्फोमा आणि ल्युकेमिया उलटल्यावर. रुग्णाच्याच पांढऱ्या पेशी काढून, त्यांना कॅन्सर ओळखायला शिकवून परत शरीरात सोडायच्या, असा हा उपाय. परदेशात तीन-चार कोटींना पडणारा हा उपचार इथे चाळीसेक लाखांत आला. चिखलोलीच्या फ्लॅटची किंमत साधारण तेवढीच, ही गोष्ट निराळी.

तरुणांच्या बाबतीत घरातला पहिला पेच वेगळाच असतो. बायोप्सीचा रिपोर्ट येतो तेव्हा रुग्ण एकवीस वर्षांचा असतो, कायद्याने सज्ञान, मतदार. पण रिपोर्ट हातात पडतो वडिलांच्या. “डॉक्टर, त्याला सांगू नका, खचून जाईल.” मग मुलाला बाहेर बसवून बोलणी होतात आणि तो बाहेर बसून मोबाइलवर आपल्या औषधाचं नाव शोधतो. सगळं त्याला पाच मिनिटांत कळतं, अर्धवट आणि भयंकर. त्यानंतर घरात एक नाटक चालू होतं. आईवडील त्याच्यापासून लपवतात, तो त्यांच्यापासून लपवतो की आपल्याला माहीत आहे. सहीच्या कागदावर मात्र सही त्याचीच लागते. डॉक्टरने रुग्णाला एकटं भेटून निदान दहा मिनिटं बोलणं, हा या वयातल्या उपचाराचा भागच धरला पाहिजे, कारण दारू, सिगारेट, शरीरसंबंध, मनातले काळे विचार, यांतलं काहीच तो आईसमोर बोलणार नाही.

आणि दुसरा प्रश्न, जो चिखलोलीच्या बाजूला हमखास येतो: “कंपन्यांच्या धुरामुळे झालं का हो?” इथल्या हवेतला रासायनिक वास, डोळे चुरचुरणं, याच्या तक्रारी जुन्या आहेत. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने बेन्झिनला पक्क्या कर्करोगकारकांच्या यादीत टाकलं आहे, ते ल्युकेमियामुळे. २०१३मध्ये तिने बाहेरच्या प्रदूषित हवेलाही याच यादीत आणलं, ते मुख्यतः फुफ्फुसाच्या कॅन्सरसाठी. तरीही एका विशिष्ट मुलाच्या हाडातली गाठ अमुक चिमणीमुळे झाली, असं सांगता येत नाही. विशीतले बहुतेक कॅन्सर पेशी विभागताना झालेल्या अपघातातून येतात. हे उत्तर आईवडिलांना पटत नाही, कारण त्यात राग काढायला कुणी उरत नाही. मग तो घरातच कुणावर तरी निघतो. मुलगा गुटखा खाणारा असेल तर बघायलाच नको. महाराष्ट्रात गुटख्यावर २०१२पासून बंदी आहे, पण पुडी मिळत राहते आणि खाल्ल्याचा दोष मात्र एकट्या त्याच्या माथी. तोंड दोन बोटंही उघडत नाही अशा अवस्थेत आलेल्या बत्तिशीच्या माणसाला “स्वतःच ओढवून घेतलंस” हे शंभरदा ऐकवून त्याचं एकही सायकल सोपं होत नाही.

आता अशी एक गोष्ट, जिच्यासाठी वेळ फार थोडा असतो. केमोथेरपीची कित्येक औषधं आणि ओटीपोटावरचं रेडिएशन, ज्याला रुग्ण ‘लाईट’ किंवा ‘शेक’ म्हणतात, शुक्रजंतू आणि बीजांडं मारतात. काही औषधं कमी, काही फार. हॉजकिनमध्ये एबीव्हीडी हा औषधसंच या बाबतीत बराच सौम्य. बोन मॅरो ट्रान्सप्लांटपूर्वीची केमो अत्यंत कडक. पहिलं सलाईन लागण्यापूर्वी उपाय करता येतो. पुरुषाचा वीर्यनमुना घेऊन द्रवरूप नायट्रोजनमध्ये, उणे १९६ अंशांवर ठेवतात. तो वर्षानुवर्षं टिकतो. काम एक-दोन दिवसांचं. मुलीच्या बाबतीत इंजेक्शनं देऊन बीजांडं पिकवावी लागतात, त्याला साधारण दोन आठवडे लागतात, खर्चही कितीतरी पट. अमेरिकेतल्या कर्करोगतज्ज्ञांच्या संघटनेने २००६मध्येच सांगून ठेवलं आहे की या वयाच्या प्रत्येक रुग्णाशी उपचारापूर्वी हे बोलायलाच हवं.

प्रत्यक्षात काय होतं? अंबरनाथचा वीस वर्षांचा मुलगा, अजून कुठल्या मुलीचा हातही न धरलेला. बरोबर वडील. डॉक्टर घाईत सांगतात, “केमोच्या आधी सिमेन बँकिंग करून घ्या, बाहेरच्या सेंटरला.” वडील खाली बघतात. मुलगा भिंतीकडे बघतो. सेंटरवर एक बारीक खोली, आतून कडी, एक डबी, डबीवर नाव आणि तारखेची चिकटपट्टी, बाहेर बाकावर वडील वाट बघत बसलेले. अशात नमुना देता येणं ही सोपी गोष्ट नाही. अनुभवी समुपदेशक म्हणूनच वडिलांना चहा प्यायला खाली पाठवतात, मुलाला एकटं येऊ देतात, पहिल्यांदा जमलं नाही तर दुसऱ्या दिवशी बोलावतात. एवढ्या साध्या सवलतीवर त्याचं पुढचं बापपण अवलंबून असू शकतं. मुलींच्या बाबतीत कुचंबणा वेगळी. “लग्न व्हायचंय, आत्ता कशाला तो विषय?” असं म्हणून आईच विषय बंद करते. तिशीत पोचलेली ती मुलगी पुढे विचारते, मला तेव्हा कुणी का नाही विचारलं? याचं उत्तर कुणापाशी नसतं.

पैशाचं बोलायलाच हवं. महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेत आता कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंतचं संरक्षण आहे, आणि केमो, शस्त्रक्रिया, रेडिएशन तीत बसतात. ती २०१२मध्ये आठ जिल्ह्यांत राजीव गांधींच्या नावाने सुरू झाली होती. मात्र उपचार फुकट झाले तरी पगार बुडतो, आणि तरुणाच्या घरात तोच खरा मार असतो. एमआयडीसीतल्या कामगारांसाठी एक तरतूद आहे, जी फार थोड्यांना पूर्ण माहीत असते. पगार २१ हजारांच्या आत असेल आणि ईएसआय, म्हणजे कर्मचारी राज्य विमा, कापलं जात असेल, तर साध्या आजारात ९१ दिवसांपर्यंत ७० टक्के वेतन मिळतं. पण ईएसआयने ३४ दीर्घ आजारांची एक यादी केली आहे, त्यात कॅन्सर आहे. या यादीतला आजार असेल, दोन वर्षं नोकरी झालेली असेल आणि ठरावीक दिवसांची वर्गणी भरलेली असेल, तर ८० टक्के वेतन, आणि तेही दोन वर्षांपर्यंत. चिखलोलीच्या कारखान्यात लागलेल्या चोविशीच्या मुलासाठी ही रक्कम हप्ता भरणं आणि घर विकणं यातला फरक ठरते. अडचण दोन ठिकाणी येते. दोन वर्षं व्हायच्या आत आजार झाला तर ही सवलत हुकते. आणि ठेकेदाराने नावच चढवलेलं नसेल तर कागदावर तो कामगार नसतोच.

टाटाच्या आवतीभोवतीही एक आधाराची वस्ती आहे. दादरची गाडगे महाराज धर्मशाळा, परळची नाना पालकर स्मृती समिती, १९६९पासूनची कॅन्सर पेशंट्स एड असोसिएशन, १९५१मध्ये डॉ. जस्सावाला आणि नवल टाटा यांनी स्थापलेली इंडियन कॅन्सर सोसायटी. यातल्या कॅन्सर पेशंट्स एड असोसिएशनने ग्लिवेक या गोळीच्या पेटंटविरुद्ध लढा दिला होता. १ एप्रिल २०१३ला सर्वोच्च न्यायालयाने ती बनवणाऱ्या नोव्हार्टिस कंपनीची पेटंटची मागणी फेटाळली. महिन्याला लाखाच्या वर जाणाऱ्या गोळीचा स्वस्त देशी पर्याय त्यामुळे कायम राहिला. हा निकाल तरुणांच्या प्रकरणात सांगण्याचं कारण असं की ही गोळी ज्या क्रॉनिक मायलॉइड ल्युकेमियावर चालते, तो आपल्याकडे पाश्चात्त्य देशांपेक्षा बऱ्याच लहान वयात होतो. पस्तिशीतला माणूस रोज गोळी घेऊन नोकरी करतो, मुलं वाढवतो, लोकलला लटकतो. त्याच्या शेजाऱ्यालाही पत्ता नसतो.

शरीराचं रूप बदलणं हा या वयातला सर्वांत कडू घोट. केस परत येतात, भुवया येतात, पण त्या सहा महिन्यांतले फोटो कुणी काढू देत नाही. हाडाच्या सार्कोमात पूर्वी पाय मांडीपासून काढत. आता गाठीचा भाग काढून तिथे धातूचा सांधा बसवता येतो. आयात केलेला सांधा लाखांच्या घरात जाई. टाटाच्या डॉक्टरांनी त्यावर ‘टीएमएच-नाइस’ हा देशी सांधा तयार करवून घेतला, तो कित्येक पटींनी स्वस्त. पाय वाचतो, मात्र धावणं आणि मांडी घालून बसणं सुटतं. लग्नाच्या पंगतीत खुर्ची मागावी लागते आणि “काय झालं पायाला?” याचं उत्तर द्यावं लागतं.

लग्न. या पट्ट्यातल्या घरांत आजार लपवण्याचं मुख्य कारण तेच. मुलाचं एकवेळ सांगतात, मुलीचं नाही. धाकट्या बहिणीच्या स्थळाला अडथळा नको म्हणूनही थोरलीचा कॅन्सर ‘अशक्तपणा’ होतो. कॅन्सर संसर्गाने पसरत नाही, आणि या वयातल्या कॅन्सरपैकी थोडेच आनुवंशिक असतात. स्तनाचा कॅन्सर तिशीत झाला तर मात्र बीआरसीए जनुकांची तपासणी करून घ्यावी, कारण त्याचा संबंध बहिणींशीही आहे. लपवून लग्न लावण्याचे परिणाम घटस्फोटाच्या कोर्टात दिसतात. सांगून जमलेल्या लग्नांची चर्चा होत नाही, त्यामुळे ती दुर्मीळ वाटतात.

मनाचं काय? स्वीडनमध्ये साठ लाखांहून अधिक लोकांच्या नोंदी तपासून २०१२मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध झाला. निदानानंतरच्या पहिल्या आठवड्यात आत्महत्येचा धोका कॅन्सर नसलेल्यांच्या तुलनेत बारापटींहून जास्त होता. म्हणजे केमोचे हाल सुरू व्हायच्याही आधी, नुसत्या बातमीने. वर्षभर उपचार झाल्यावर मग समुपदेशकाकडे पाठवू, हा क्रम त्यामुळे उलटा आहे. जगभर एक साधं साधन वापरतात: थर्मामीटरचं चित्र, शून्य ते दहा आकडे, गेल्या आठवड्यात किती त्रास झाला त्यावर खूण करायची. चार किंवा जास्त आलं तर विचारपूस करायची. ते वापरायला मिनिटही लागत नाही. ठाण्यात डॉ. आनंद नाडकर्णी यांनी १९९०मध्ये सुरू केलेली आयपीएच ही मानसिक आरोग्याची संस्था चिखलोलीहून लोकलच्या एकाच गाडीवर आहे. आणि १४४१६ हा सरकारचा टेली-मानस क्रमांक ऑक्टोबर २०२२पासून चालू आहे, त्यावर मराठीत बोलता येतं.

सगळेच वाचत नाहीत, हेही या प्रकरणात यायला हवं. अभिनेत्री रसिका जोशी ७ जुलै २०११ला ल्युकेमियाने गेल्या. प्रिया मराठे ३१ ऑगस्ट २०२५ला गेल्या. दोघीही अडतीस वर्षांच्या. प्रिया मराठेंनी आपल्या आजाराचा गाजावाजा केला नाही; बहुतेक चाहत्यांना तो त्यांच्या निधनाच्या बातमीतूनच कळला. अनेकांना त्याचं नवल वाटलं, काहींना वाईटही. खरं तर आजार जगासमोर मांडणं जितकं रुग्णाच्या मर्जीचं, तितकंच तो आपल्यापुरता ठेवणंही. शेवटच्या टप्प्यातल्या तरुणाला वेदनाशामक औषध आणि खरं बोलणारं माणूस, दोन्ही हवं असतं. मॉर्फिनची गोळी मिळते. माणूस शोधावं लागतं, कारण आईला “तू बरा होणार” याखेरीज दुसरं काही उच्चारता येत नाही.

जे बरे होतात, त्यांचा दवाखाना सुटत नाही. १९९१मध्ये टाटाने बालपणी कॅन्सर झालेल्यांसाठी ‘उपचारानंतरचं’ क्लिनिक सुरू केलं, ॲक्ट क्लिनिक; डॉ. पूर्णा कुरकुरे यांचं नाव त्याच्याशी जोडलेलं आहे. तेव्हाची मुलं आज तिशी-चाळिशीत आहेत. डॉक्सोरुबिसिन या लाल औषधाचा परिणाम वीस वर्षांनी हृदयावर दिसू शकतो, सिस्प्लाटिनचा कानावर आणि मूत्रपिंडावर. विशीत छातीवर रेडिएशन घेतलेल्या मुलीची स्तनांची तपासणी चाळिशीची वाट न बघता सुरू करायची असते: पंचविशीपासून, किंवा रेडिएशननंतर आठ वर्षांनी, यातलं जे नंतर येईल तेव्हापासून. त्यासाठी कुठलं औषध एकूण किती मिळालं, हे लिहिलेला एक कागद जवळ लागतो. मोठ्यांच्या विभागातून बाहेर पडलेल्या कितीजणांकडे तो असतो? जाड फाईल असते, पण तिच्यातून हा हिशेब काढायला बदलापूरच्या फॅमिली डॉक्टरला वेळ नसतो. शेवटच्या फॉलोअपला तो कागद मागून घ्यावा, त्याचा फोटो मोबाइलमध्ये ठेवावा, आणि फाईल घरात वरच्या फळीवर. उल्हास नदीचा काही नेम नाही.

इंडियन कॅन्सर सोसायटीच्या आश्रयाने २००९मध्ये ‘उगम’ हा गट मुंबईत उभा राहिला. लहानपणी कॅन्सरमधून बरे झालेले तरुण तो स्वतः चालवतात. नव्या रुग्णाच्या आईसमोर एखादी पंचविशीची मुलगी येऊन बसते, सांगते की मला सातव्या वर्षी झाला होता, आता मी नोकरी करते. त्या आईच्या चेहऱ्यावर जे होतं ते कुठल्याच माहितीपत्रकाने होत नाही. वीस-पंचविशीत पहिल्यांदा आजारी पडलेल्यांना असा आपल्या वयाचा सोबती मिळणं अजून कठीणच आहे.

बरे झालेल्यांपुढे शेवटी उभा राहतो तो विमा. फ्रान्सने २०१६मध्ये कायदा केला की उपचार संपून दहा वर्षं झाल्यावर कर्जाच्या विम्यासाठी जुना कॅन्सर सांगण्याची गरज नाही. २०२२मध्ये ती मुदत पाच वर्षांवर आणली. नेदरलँड्स, बेल्जियम, पोर्तुगाल, स्पेन, इटली यांनीही असे कायदे केले. भारतात २०२४मध्ये विमा नियामकाने आरोग्यविम्यातल्या आधीच्या आजारांसाठीचा प्रतीक्षाकाळ चार वर्षांवरून तीनवर आणला, आणि पाच वर्षं हप्ते भरल्यावर फसवणुकीखेरीज दुसऱ्या कारणाने दावा नाकारता येणार नाही असं ठरवलं. आधी ही मुदत आठ वर्षांची होती. फ्रान्ससारखा कायदा आपल्याकडे नाही. विशीत हॉजकिन झालेली, दहा वर्षं ठणठणीत असलेली मुलगी नवऱ्याबरोबर चिखलोलीत टू बीएचके बघायला येते, तेव्हा बँकेचा माणूस कर्जासोबतच्या विम्याचा अर्ज पुढे करतो. पूर्वीच्या आजारांचा रकाना त्यात असतोच. किती वर्षांपूर्वीच्या, हे तिथे लिहिलेलं नसतं.